पुकारा

गुरुवारी रात्री साडेनऊला जिना वाजायचा.
चपलेवरून मी ओळखायचो, हलगेकर वकील.
वकील कुठले, सनद त्यांनी कधीच स्थगित करून घेतलेली,
पण गणपत गल्लीत एकदा चिकटलेलं नाव
वरून दुसरा कागद लावला तरी कडेनं दिसतंच.

मजकूर उरलेल्या वकीलपत्रांच्या पाठीवर.
मी टाइप करायचो.
सदराचं नाव 'पुकारा'. मानधन विचारू नका.

पहिल्या ओळीत निकाल.
कोण जिंकलं, काय मिळालं, अपिलाला किती दिवस.
मग बाकीचं.
'न्यायदेवता' हा शब्द मी एकदा हौसेनं घातला,
त्यांनी तो नखानं स्क्रीनवरून खरवडायला घेतला.

एका रात्री लाइट गेली. मशीन थंड, खाली सगळी गल्ली काळी.
तेव्हा बोलले, खिडकीकडं तोंड करून:

"हौसाक्का खवरे. निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळायची.
घरामागच्या सहा हात बोळाचा दावा, चिकोडीला, अकरा वर्षं.
निकाल साहेबांनी कन्नडात वाचला. तीन मिनिटं.
मी मान हलवली, फाईल बांधली,
पलीकडच्या कोर्टात पुकारा झाल्ता, पळालो.
बाईला सांगायचं राहिलं की रे.
पुढल्या महिन्यात ती आल्ली म्हणे. मी नव्हतो.
त्याच्या पुढल्या महिन्यात बघतोय तर त्याच बाकावर,
मांडीवर भाकरीचं फडकं.
वकीलसाहेब, आज तरी नंबर लागंल नव्हं?
सत्तर दिवस जिंकून बसल्ली बाई,
आणि बसभाडं भरून हरायला येत होती."

लाइट आली. ते म्हणाले, शीर्षक अजून लहान कर.

संपादकांना सीमेवरचं हवं असायचं, मोठ्या टायपात.
हे आणायचे बेकिनकेऱ्याच्या बांधावरचा फणस:
बुंधा भरमा सांबरेकरचा, फांद्या बसाप्पा हुदलीच्या,
पंचनामा तिसऱ्याच कुणाच्या अक्षरात.
संपादक म्हणाले, यात बातमी काय?
दुसऱ्या दिवशी दोन माणसं अंक मागायला आली,
एकाला मराठी येत नव्हतं.
त्याला हलगेकरांनी जिन्यातच उभ्यानं सांगितलं,
अर्धं कन्नड, अर्धं हातवारे,
आणि फणस किती ते बोटांवर.

आता माझं.
एका गुरुवारी माझ्या बोटांनी तीसचे नव्वद केले.
खानापूरच्या एका म्हाताऱ्यानं कात्रण खिशात ठेवलं
आणि निवांत राहिला. मुदत गेली.
कात्रण घेऊन तो जिना चढला तेव्हा मी बिस्कीट खात होतो.

हलगेकरांनी कागद पाहिला. माझ्याकडं पाहिलं नाही.
दिरंगाई माफीचा अर्ज दुसऱ्या वकिलाकडून घातला
आणि प्रतिज्ञापत्र स्वतःचं: चूक माझी.
पट्टेवाल्यानं दारातून तीनदा नाव पुकारलं,
परशुराम म्हणाला. खरं परशराम.
मी मागच्या भिंतीला टेकून होतो.
सतरा वर्षं ज्या खोलीत दुसऱ्यांसाठी उठले
तिथं ते पहिल्यांदा स्वतःसाठी उठले,
म्हणजे माझ्यासाठी.
अर्ज मंजूर. खर्चाचे पाचशे त्यांनीच मोजले,
सुटे होते, वेळ लागला.

त्या आठवड्याचा 'पुकारा' दोनच ओळींचा.
"मागच्या अंकात नव्वद दिवस छापले. तीस आहेत."
मी माफीचं एक वाक्य जोडू का म्हटलं.
"माफीनं मुदत वाढत नाही," म्हणाले,
आणि खाली उतरून कॅम्पातल्या गाड्यावर
दोन कप चहा सांगितला. एक माझा होता,
हे मला पाच मिनिटांनी कळलं.

आता जिना वाजत नाही.
सदर चालू आहे, लिहिणारी पोरगी हुशार आहे,
मेलनं पाठवते, चुका नसतात.
तरी गुरुवारी पान सोडण्याआधी
मी खिडकी लावून घेतो आणि आकडे मोठ्यानं वाचतो,
बाहेरचा पोऱ्या हसतो,
तीस.
अक्षरी तीस.